उगवतीकडे पाठ

मेट्रो ओलेक्सिन आयुष्यभर घरं हलवत राहिला. घरातलं सामान नव्हे, घरंच. पाया तेवढा जमिनीत राहायचा. बाकी भिंती, छप्पर, जिना, खिडक्यांचे पडदे, फडताळातल्या बश्या, सगळं जसंच्या तसं तो ट्रकमागे लावून घेऊन जायचा. हॅझलबीतली माणसं त्याला ‘घरं नेणारा’ म्हणत, आणि म्हणताना त्यांचा सूर कधीच फारसा गोड नसे.

त्याचं खरं नाव दिमित्रो. शाळेतल्या इंग्रज बाईंच्या जिभेला ते जड गेलं, त्यांनी त्याचं मेट्रो केलं, आणि पुढे आईसुद्धा त्याला त्याच नावाने हाका मारू लागली. गावाच्या नावाची तरी काय वेगळी कथा? हॅझलबी हा रेल्वेच्या कुठल्याशा साहेबाचा मेव्हणा. त्याच्या नावाने स्टेशन काढलं, पण हा बाबा इथे एकदाही गाडीतून उतरला नाही. उतरला असता तर दुसऱ्या गाडीने परत गेला असता. सपाट गवताळ रान, मधोमध रुळांची एक रेघ, आणि त्या रेघेला टेकून दोन रस्ते. उत्तरेला युक्रेनहून आलेली शेतकरी घरं, दक्षिणेला नॉर्वेची, आणि बँकेत, शाळेत, पोस्टात इंग्रज. एकमेकांच्या पोरी एकमेकांना द्यायच्या नाहीत आणि एकमेकांच्या लग्नात जेवायला मात्र हजर, असा सगळा सलोखा.

रुळांच्या कडेला धान्याची पाच उंच लाकडी कोठारं होती, तोवर गावाला गाव म्हणण्यात अर्थ होता. मग रेल्वेने हा फाटा बंद केला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. पहिल्यांदा बँक गेली, मग डॉक्टर, मग शाळा. माणसं शहराकडे गेली. त्यांच्या मागे इमारती उरल्या.

या मुलखात झाड पाहायचं तर मैलोन्मैल जावं लागतं. इथल्या आजोबा-पणजोबांनी एकेक फळी लांबून बैलगाडीने आणलेली. तेव्हा उभं घर कुजू देणं आमच्याकडे पाप समजतात. ज्याला नको त्याने विकायचं, ज्याला हवं त्याने उचलून न्यायचं, आणि उचलायला मेट्रो. स्टेशन त्याने एका शेतकऱ्याच्या आवारात नेऊन ठेवलं, तिथे आता वासरं बांधतात. शाळा शेजारच्या गावाला गेली. बँकेच्या इमारतीत कोंबड्या आहेत, आणि त्या निदान जागेवर बसतात, मॅनेजर कधी सापडायचा नाही, असं आर्ने लुंड म्हणतो.

हा आर्ने मेट्रोचा शेजारी आणि चाळीस वर्षांचा जोडीदार. मेट्रो घराखाली आडवा पडून जॅक फिरवायचा आणि आर्ने ट्रक चालवायचा. नॉर्वेच्या माणसाला बोलायला वेळ लागतो असं म्हणतात. आर्नेला फक्त टोमणा सुचायला वेळ लागत नसे.

गावाने मेट्रोला बरीच नावं ठेवली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तसा आपलाच माणूस आपलं गाव घेऊन चालला, असं उघड म्हणणारे होते. दुकानात तो आत शिरला की कोणीतरी म्हणायचं, “दाराला कडी घाला रे, मेट्रो आलाय. बोलता बोलता दुकान जायचं.”

मेट्रो सिगरेट पेटवत म्हणायचा, “गाव मी नाही नेलं. माणसं आधी गेली. मी मागनं त्यांची घरं पोचवली.”

ते खरंही होतं. पण खरं बोलणाऱ्याला त्यासाठी कोणी जेवायला बोलावत नाही.

त्याच्या ट्रकच्या दारावर पांढऱ्या रंगात एक ओळ रंगवलेली होती: ‘मेट्रोने ठेवलेलं घर पुन्हा उचलावं लागत नाही.’ ही नुसती जाहिरात नव्हती. त्याचा सगळा अहंकार त्या एका ओळीत मावला होता. बाकी माणूस गरीब स्वभावाचा. दारू बेताची, भांडण नाही, पत्ते खेळताना हरला तरी हसायचा. पण त्याने बसवलेल्या घराचं दार घासतंय असं कोणी म्हटलं की तो आठवडाभर अबोला धरायचा.

आणि त्याची एक रीत होती. घर उचलायच्या आधी स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा. घर शेतांतून, बर्फावरून, ओढ्याच्या पुलावरून नव्या जागी जायचं आणि तिथे पोचल्यावर ग्लास पाहायचा. थेंबही सांडलेला नसेल तर काम झालं. हा ग्लास मेट्रो स्वतः कधी भरत नसे आणि स्वतः कधी बघतही नसे. ते काम त्याच्या बायकोचं, तेक्लाचं. ती पिकअप घेऊन घराच्या मागोमाग यायची, घर टेकलं की एकटी आत शिरायची, आणि बाहेर येऊन एकच शब्द सांगायची. “बसलं.” तो शब्द येईपर्यंत मेट्रो जॅक काढायला हात लावत नसे. घरमालक मनातून कंटाळायचे, पण थांबायचे.

तेक्ला पांको दुत्काची मुलगी. पांको आमच्या चर्चचा द्याक होता; फादर जे म्हणेल त्याला लोकांच्या वतीने गाऊन उत्तर देणारा तो द्याक. गावाबाहेर उत्तरेला, गव्हाच्या शेतांच्या मधोमध, पांकोच्या पिढीने ते चर्च हाताने बांधलेलं. पहिला ओंडका ठेवायच्या आधी पांको स्वतः पहाटे तिथे जाऊन उभा राहिला, सूर्य कुठून वर येतो ते पाहिलं आणि त्याच्या अंगाने खुंट्या ठोकल्या. वेदी उगवतीला, दार मावळतीला. प्रार्थना करणाऱ्याचं तोंड सूर्याकडे असलं पाहिजे, कारण शेवटच्या दिवशी देव तिकडून येणार आहे. मेलेल्या माणसाला चर्चमध्ये आणतात तेव्हाही पाय वेदीकडे, म्हणजे डोळे उगवतीकडे. पुरतानाही तसंच. म्हणजे उठायची वेळ आली की वळत बसायला नको.

पांको गेल्यावर गाणी येणारा एकही पुरुष उरला नव्हता. तेक्लाला सगळी पाठ. बाईने द्याकाच्या जागी उभं राहावं की नाही यावर म्हाताऱ्यांनी दोन रविवार वाद घातला आणि तिसऱ्या रविवारी ती उभी राहिली, कारण त्याशिवाय प्रार्थनाच होत नव्हती. तिचा आवाज गोड नव्हता. जाड, सरळ, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. फादर बदलत गेले, तेक्ला राहिली. एखाद्या नव्या फादरने दोन ओळी गाळल्या तर ती त्या स्वतःच गाऊन टाकायची आणि मग त्याच्याकडे अशी बघायची की बिचारा पुढच्या वेळी पुस्तक दोनदा चाळून यायचा.

पुढे शेतांतली माणसंही गेली आणि ते चर्च एकटं पडलं. त्याच सुमारास हॅझलबीची शंभरी आली.

शंभरी साजरी करायची म्हणून समिती झाली. अध्यक्ष लिओना प्रिस्तुपा, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. लिओना उत्साही आहे. तिचा उत्साह कोणाच्या बापाला आवरत नाही. गावाचा वारसा जपायचा म्हणजे आधी तो गावात तर हवा, आणि गावात उरलं होतं काय? कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा हॉल, एक दुकान आणि बिअरचा बार. तेव्हा लिओनाने ठरवलं की शेतातलं चर्च आणून मोठ्या रस्त्यावर ठेवायचं. रस्त्याच्या पश्चिमेला जुनं हॉटेल जळालं होतं ती जागा रिकामीच होती. समितीने पाया घालून घेतला, दारापर्यंत उतार बांधला, पितळी पाटी करवली. दार अर्थातच रस्त्याकडे. पाहुणे रस्त्याने येणार, फोटो रस्त्यावरून काढणार, मिरवणूक रस्त्याने जाणार.

आता रस्त्याच्या पश्चिमेला असलेल्या इमारतीचं दार रस्त्याकडे केलं, तर ते दार पूर्वेला येतं आणि वेदी मावळतीला जाते. पोरासोरांनाही कळेल अशी गोष्ट. समितीतले निम्मे लोक त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेले. पण समितीत बसलं की माणूस दिशा विसरतो.

मेट्रोला ते ट्रकमधून उतरल्यावर कळलं. चर्च शेतांतून सुरेख आलं होतं. घुमट आधीच काढून दुसऱ्या गाडीवर ठेवलेला, विजेच्या तारा उचलून धरायला माणसं उभी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गर्दी, बँड, भाषणाला आलेला मंत्री. मेट्रो पायाजवळ गेला. एकदा पायाकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे. आर्नेही खाली उतरला.

“तुमचा देव वेगळ्या दिशेनं यायचा ना रे?” आर्नेने विचारलं.

“गप बस.”

“नाही, मला काय. आमचा कुठूनही येतो.”

चर्च उलटं फिरवून ठेवायचं तर पाया तसा नव्हता. दिवस मोडला असता, मंत्री निघून गेला असता, आणि एवढ्या गर्दीसमोर काम अडलं असतं. मेट्रोचं काम कधी अडलेलं नव्हतं. लिओना धावत येऊन म्हणाली, “मेट्रो, काही अडचण आहे का?” आणि मेट्रो म्हणाला, “कसली अडचण? लाकूड ते लाकूड.” त्याने चर्च ठेवलं. पाणसळ लावून पाहिली तर केसभरही फरक नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेक्ला ग्लास बघायला आत गेली. ऊन कलतं होतं, आणि वेदीमागच्या ज्या खिडकीतून तिने जन्मभर सकाळ पाहिली होती त्या खिडकीतून संध्याकाळ आत येत होती. ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा ग्लास तिच्या हातात होता, काठोकाठ भरलेला. मेट्रो तिच्या तोंडाकडे बघत उभा. तिने पाणी गवतावर ओतलं, रिकामा ग्लास त्याच्या हातात दिला आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. ‘बसलं’ हा शब्द तिने उच्चारला नाही.

घरी आल्यावर मेट्रोने सूप भांड्यात वाढून घेतलं आणि म्हणाला, “देवाला काय गं, चारी दिशा सारख्याच.”

“मग तू मेल्यावर तुला उभाच पुरते,” तेक्ला म्हणाली. “जागाही कमी लागेल.”

“पाया समितीनं घातला. मी नाही.”

“चर्च कोणी ठेवलं?”

मेट्रोने सुपात ब्रेड बुडवला.

“मी त्या दारातून आत जायची नाही,” ती म्हणाली. “तू फिरवशील तेव्हा जाईन.”

मग वर्षं गेली. चर्चमध्ये प्रार्थना वर्षातून मोजक्याच वेळा व्हायची: ईस्टरला, आणि उन्हाळ्यात चर्चच्या सणाला. शहरातून फादर मिरोन यायचे. तरुण, चष्मा लावणारे, जरा घाबरट. तेक्ला दर वेळी यायची. पिकअप रस्त्याच्या पलीकडे लावायची, चर्चकडे पाठ, तोंड उगवतीला, आणि काच खाली करून आत बसून राहायची. आत प्रार्थना सुरू झाली, फादरांनी पहिली ओळ म्हटली, की आतल्या चार म्हाताऱ्या घशातल्या घशात काही पुटपुटायच्या, आणि रस्त्यापलीकडून पिकअपच्या खिडकीतून ते जाड, सरळ उत्तर यायचं. फादर मिरोन पहिल्या वेळी दचकले. नंतर त्यांनी दार उघडं ठेवायला सांगितलं आणि प्रत्येक ओळीनंतर ते थांबू लागले, कारण रस्ता ओलांडून आवाज यायला थोडा वेळ लागतो.

ईस्टरला कधी कधी बर्फ असायचा. तेक्ला मांडीवर घोंगडी घ्यायची आणि काच अर्धीच उघडायची. आर्ने आपला ट्रक तिथे दुसऱ्या कोणी गाडी लावू नये म्हणून आदल्या दिवशीच आणून उभा करायचा आणि ती आली की हलवायचा.

“अगं, एकदा जाऊन बघ तरी आत,” तो म्हणायचा. “हीटर आहे.”

“नरकातही असतो,” तेक्ला म्हणायची.

मेट्रो मात्र आत बसायचा. तिच्या आवाजाकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून. त्या प्रार्थनेत त्याला काय वाटायचं ते त्याने कोणाला सांगितलं नाही, पण मान वर करून बसलेलं त्याला कोणी पाहिलं नाही. चर्च फिरवणं त्याला जमलं नसतं असं नाही. जॅक होते, लोखंडी तुळया गोदामात होत्या. पण त्यासाठी गावासमोर उभं राहून सांगावं लागलं असतं की मेट्रोने ठेवलेलं एक घर पुन्हा उचलावं लागतंय. त्याने ट्रक विकला नाही, आणि दारावरची ओळही पुसली नाही. सुंभ जळतो, पीळ राहतो.

एकदा तेक्ला लिओनाच्या घरी स्वतः गेली होती. लिओनाने कॉफी केली, पाटीवरचा मजकूर वाचून दाखवला आणि म्हणाली, “मावशी, आता सगळ्या पत्रकांवर तोच फोटो आहे. दार रस्त्याकडे असल्याशिवाय लोकांना ते चर्च वाटणार नाही.”

“मला वाटत नाहीये ना,” तेक्ला म्हणाली, “मी लोक नाही का?”

लिओनाला वाईट वाटलं, हे सांगितलं पाहिजे. पण वाईट वाटणं आणि ठराव मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिने ठराव मांडला नाही.

मग एका शरदात तेक्लाचं हृदय कुरकुरू लागलं. डॉक्टरांनी औषधं दिली, जिने चढू नका म्हणाले. मेट्रो स्वयंपाक शिकला. म्हणजे बटाटे उकडायला आणि कोबीचे रोल डीप फ्रीजमधून काढून गरम करायला शिकला. नाताळच्या जेवणाला तेक्लाने खुर्चीवर बसून त्याच्याकडून गव्हाची खीर करून घेतली, मध कमी पडला म्हणून त्याला दोनदा उठवलं, आणि खीर तोंडात घालून म्हणाली, “तुझ्या घरांसारखी झालीय. वरून बरी.”

त्या जेवणानंतर तिने चमचा खाली ठेवला. “मेट्रो, एक ऐक. मला मावळतीकडे तोंड करून झोपवू नकोस. बाकी काय करायचं ते कर. फुलं नको, भाषण नको, ती लिओनाची पाटी वाचायची असेल तर वाचा. पण तोंड उगवतीला.”

मेट्रो ताटाकडे बघत राहिला. “फिरवतो मी चर्च,” तो म्हणाला. “जमीन मऊ झाली की फिरवतो.”

“जमीन मे महिन्यात मऊ होते.”

“मग मे महिन्यात.”

“बघते थांबता येतंय का,” तेक्ला म्हणाली आणि उरलेली खीर संपवली.

तिला थांबता आलं नाही. फेब्रुवारीत, जमीन दगडासारखी असताना, दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत ती गेली. मेट्रो बाहेर बर्फ ओढत होता. तो फावडं दाराला टेकवून आत आला, तिच्या हातावर हात ठेवला. त्याला आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. आणि त्या वाईट वाटण्यात मे महिना होता, म्हणून ते आणखी वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी तो गोदामातून जॅक घेऊन चर्चपाशी गेला. आर्नेने त्याला तिथे गुडघ्यावर बसलेलं पाहिलं. पायाभोवतीचा बर्फ आणि माती एक झालेली होती. पहार मारली की ठिणगी उडत होती.

“ऊठ,” आर्ने म्हणाला. “हे आता नाही व्हायचं.”

“तिला शब्द दिलाय.”

“मेट्रो. ऊठ लेका.”

आर्नेने त्या वेळी टोमणा मारला नाही. त्याने मेट्रोच्या हातातली पहार काढून घेतली आणि त्याला घरी नेलं.

लिओनाने कर्लिंगचा हॉल सुचवला, पण तिथे बर्फ घातलेला होता आणि स्पर्धा चालू होत्या. शहरातलं शवागारवाल्यांचं सभागृह होतं. मेट्रो म्हणाला, “ती बापाच्या चर्चमधून जाईल.” गावाला वाटलं, म्हाताऱ्याने बायकोचा शब्द शेवटी मोडलाच.

प्रार्थनेच्या दिवशी उणे पंचवीस होतं, तरी चर्च भरलं. गेलेली माणसंही आली होती. ज्यांची घरं मेट्रोने त्यांच्या मागून पोचवली होती ती. शवपेटी खांद्यावरून आत आली. रिवाजाप्रमाणे पाय वेदीकडे करून, ती मधल्या वाटेत दोन लाकडी घोड्यांवर ठेवली गेली. झाकण उघडलं. तेक्लाचं तोंड मावळतीकडे होतं.

मेट्रो पहिल्या बाकावरून उठला. “फिरवा,” तो म्हणाला.

पेटी आणणारे एकमेकांकडे बघू लागले. आर्ने एका कोपऱ्याला होता. त्याने आधी हात घातला, मग बाकीच्यांनी घातला, आणि अरुंद वाटेत कशीबशी, बाकांना घासत, पेटी पूर्ण फिरली. आता तेक्लाचं डोकं वेदीकडे होतं आणि पाय दाराकडे.

मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. आमच्यात असं फक्त पाद्र्याला ठेवतात. जन्मभर जो लोकांकडे तोंड करून उभा राहिला, तो मेल्यावरही लोकांकडे तोंड करून झोपतो. बाकी कोणाला तो मान नाही, बाईला तर नाहीच.

फादर मिरोन वेदीच्या पायरीवरून खाली उतरून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “मेट्रो, अहो, हे पाद्र्याचं ठेवणं आहे.”

“ठाऊक आहे, फादर.”

“लोकांना काय सांगू मी?”

“तुम्ही कशाला सांगता,” मेट्रो म्हणाला. तो लोकांकडे वळला. टोपी हातात होती, ती त्याने दोन्ही हातांनी धरली. चार माणसांत बोलायची त्याला सवय नव्हती. “पेटी बरोबर आहे,” तो म्हणाला. “चर्च उलटं आहे. मी ठेवलं. ठेवताना मला माहीत होतं. ती सांगत होती, मी ऐकलं नाही.” मग त्याला वाटलं आणखी काही सांगायला हवं, म्हणून तो म्हणाला, “दार उघडा. तिला उजेड येऊ दे.”

दार उघडलं. गार वारा सरळ वेदीपर्यंत गेला आणि मेणबत्त्या विझल्या. कोणी दार लावायला उठलं नाही. रस्त्यापलीकडे तेक्लाच्या पिकअपची जागा रिकामी होती, त्यामागे पांढरं सपाट रान, आणि त्यावर सकाळचा सूर्य, जसा त्या मुलखात हिवाळ्यात असतो तसा, उजेडाचा आणि बिनउबेचा.

फादर मिरोन परत पायरीवर गेले आणि पहिली ओळ म्हणाले. म्हणून झाल्यावर सवयीने थांबले. रस्ता ओलांडून आवाज यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. चर्चमध्ये कोणालाही उत्तराची ओळ पूर्ण येत नव्हती. इतकी वर्षं ती कोणी शिकलंच नव्हतं, कारण तेक्ला होती. शेवटी मागून एका म्हातारीने सुरुवात केली, दुसरीने शब्द पुरवले, आणि चुकत, अडखळत, गाळत, ती प्रार्थना पार पडली. तेक्लाला ती मुळीच आवडली नसती.

तिला उत्तरेच्या जुन्या दफनभूमीत पुरलं, बापाशेजारी, उगवतीकडे तोंड करून. खड्डा खणायला आधी जमिनीवर दिवसभर कोळसा पेटवावा लागला.

मे महिन्यात जमीन मऊ झाली. मेट्रोने समितीला न विचारता नवा पाया घातला, पण चर्च उचलायच्या आदल्या संध्याकाळी लिओना त्याच्या दारात येऊन सांगून गेली की ठराव झालाय, एकमताने, आणि पाटी कुठे लावायची ते नंतर बघू. नंतर बघता बघता ती पाटी आता चर्चच्या पाठीवर आहे. पाहुणे येतात, पाठीचा फोटो काढतात आणि दार शोधत मागच्या झुडपांतून चक्कर मारतात. लिओना अजून त्यावर कुरकुरते.

काम सुरू करायच्या सकाळी मेट्रोने ट्रक धुतला. दारावरच्या ओळीवर त्याने हिरवा रंग मारला. ट्रकचा हिरवा जुना आणि हा नवा, त्यामुळे ती ओळ कुठे होती ते लांबूनही कळतं. मग दोघा म्हाताऱ्यांनी, आणि बघायला आलेल्या आणि बघता बघता हात लावू लागलेल्या गावाने, चर्च उचललं, मागे ओढलं, रिकाम्या जागेत गोल फिरवलं आणि नव्या पायावर ठेवलं. बँड नव्हता. मंत्री नव्हता. वेदी उगवतीला आली.

आर्नेने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि पाण्याची बाटली उघडत मेट्रोजवळ आला. मेट्रो जॅकपाशी उभा होता. जॅकला त्याचा हात लागलेला नव्हता.

“ग्लास ठेवला होतास का?” आर्नेने विचारलं.

“ठेवला होता.”

“मग? सांडला?”

मेट्रोने चर्चच्या दाराकडे पाहिलं. लोक थांबले होते.

“मला काय विचारतोस,” तो म्हणाला. “ते बघणं तिचं काम.”